घटीचा रकाना

चोगलेशेठनी संगणक घेतला त्या वर्षी
माझ्या एकोणीस वह्या पहिल्यांदा कपाटाबाहेर आल्या.
हर्णैच्या बर्फाची एकोणीस वर्षं:
लाद्या किती पाडल्या, किती उचलल्या,
कुठल्या होडीनं, रोखीनं की उधारीनं,
आणि शेवटच्या अरुंद रकान्यात, घट.

नाझनीन बुरोंडकर, पुण्याहून शिकून आलेली,
खाऱ्या हवेनं फुगलेली पानं उलटत
तीन महिने आकडे भरत होती.
“काका, हा सात की एक?”
सोमवार असेल तर एक, मी म्हणायचो,
सोमवारी कोण मासे खातं?

मग एका दुपारी तिनं भिंतीवर आलेख लावला.
तारखेवर मांडलं तर नुसता गुंता,
म्हणून तारखा काढून तिनं तिथ्या घातल्या
आणि जाळं झटकावं तसा गुंता सुटला.
अष्टमीच्या भांगाला खप बसतो,
पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला उठतो,
डोलीच्या होड्यांचा तर दुपटीनं.
“हे माझ्या आज्यालाही ठाऊक होतं,” शेठ म्हणाले.
“मग दुसरा कॉम्प्रेसर भांगालाही का चालतो?”
विजेची बिलं तिनं शेजारीच मांडली होती.
शेठ बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

उधारी बंद करायची, हे त्यांचं आधीच ठरलेलं.
तिनं नावं लावून दाखवली:
नारळी पुनवेला उधार नेणारे
शिमग्यापर्यंत दुसऱ्याच्या दारात गेले नव्हते.
बुडवणारे सगळे मिळून चार.
चौथा शेठचा साडू. तो विषय तिथंच मिटला.

“आता घट,” ती म्हणाली.
मे महिन्यावर ठिपक्यांचा थवा. ते कळतं.
पण इकडे बाजूला, थंडीत,
सतरा ठिपके, एकेकटे.
पौषातली रात्र, अकरा लाद्या.
नऊ. चौदा.
“एवढ्या गारठ्यात एवढा बर्फ वितळत नाही, काका.
एक तर माप चुकलंय, नाहीतर...”
नाहीतरच्या पुढे ती थांबली.

शेठ माझ्याकडे बघत होते.
मी वही मागितली.
भिंतीवरचं मला वाचता येत नाही,
माझं अक्षर लागतं.

अकरा: हिराजी दोरकुळकर.
थोरला मस्कतला, विमान मिळेना, दोन रात्री ठेवला.
नऊ: पाजपंढरीची एक सून, माहेर पार भुसावळकडे.
चौदा: नाव नाही. खाडीच्या तोंडाशी सापडलेला,
कुणीतरी ओळखायला येईल म्हणून
हवालदारानं तीन दिवस वाट पाहिली.
बिल कुणाच्या नावानं फाडायचं होतं?
घटीत टाकलं.
वितळला तर होताच.

पंखा फिरत होता. शेठ म्हणाले,
“ते ठिपके काढून टाक गं, आलेख घाण दिसतो.”
ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला.
“काढले तर अंदाज चुकेल,” ती म्हणाली,
“वर्षाला एक पडतोच.”
आणि तशाच सपाट आवाजात,
जसं कॉम्प्रेसरचं सांगितलं होतं तसं,
“भांगालाही दहा लाद्या राखून ठेवायच्या.
खर्च फार नाही, काढलाय मी.”

नव्या रकान्याला नाव विचारलं तिनं.
कोरा ठेव म्हटलं, तर संगणक घेईना.
तिनं एक टिंब दिलं.

आता अष्टमीला दुसरा कॉम्प्रेसर बंद असतो.
इतकं शांत, की लिलावाची बोली
पुळणीवरून इथवर ऐकू येते.
वही मी अजून लिहितो, कुणी सांगितलेलं नाही.
गेल्या पौषात दहातल्या नऊ लागल्या.
उरलेली एक खरंच वितळली.
ती मी घटीत लिहिली.